सरकारी वेबसाईट पाडणं म्हणजे 'सायबर मोर्चा' का? सिडकोतल्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

सिडकोतल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा १९ वर्षांचा, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. गेले काही महिने तो टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधे आहे, तिथे सरकारी वेबसाईट पाडायचं काम चालतं, आधी शेजारच्या देशाच्या पाडल्या, मग आपल्याकडच्याच एका खात्याची, कारण त्या खात्याच्या भरतीत घोळ झालाय असं या पोरांचं म्हणणं. मुलगा आईला सांगतो की हा सायबर मोर्चा आहे, कोणाचे पैसे घेतले नाहीत, काही चोरलं नाही, मग गुन्हा कसला? ताईंचा प्रश्न असा की हे खरं आहे का, आणि पोलीस घरी आले तर पुढे काय होतं.

ताई, मी नाशकात बावीस वर्षं याच लाईनमधे आहे. आधी नेटवर्क टाकायचो, आता वेबसाईट हॅक झाली की नेमकं काय झालं ते शोधून द्यायचं काम करतो, तपासात पोलिसांना टेक्निकल मदत करतो, कोर्टात साक्षही दिलीय. त्यामुळे जे सांगतोय ते या कामात बघितलेलं सांगतोय.

सगळ्यात आधी आज रात्रीचं. घाबरून त्याचा फोन फॉरमॅट करू नका आणि लॅपटॉप विकून टाकू नका. बऱ्याच घरांत हेच होतं, वडील चिडून फोन आपटतात किंवा मुलगाच सगळं डिलीट मारतो, आणि मग मूळ गुन्हा लहान असला तरी पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागतं, भारतीय न्याय संहितेचं २३८. शिवाय त्या फोनमधे त्याच्या बाजूचंही काही असू शकतं, उदाहरणार्थ तो ग्रुपमधे कधी आला, कोणी सांगितलं म्हणून केलं, कुठे नाही म्हणाला. ते गेलं की फक्त समोरच्याची बाजू उरते. त्याला एवढंच सांगा की वेबसाईट पाडायला जे टूल, म्हणजे सॉफ्टवेअर, वापरतो त्याला आजपासून हात लावायचा नाही. ग्रुपमधे भांडत बसायचं नाही, निरोपाचा मेसेजही टाकायचा नाही.

आता प्रश्नाचं उत्तर. हो, गुन्हा आहे. आपल्या सरकारची वेबसाईट पाडली तरी आणि शेजारच्या देशाची पाडली तरी. हे दुसरं लोकांना पटत नाही, शत्रूच्या वेबसाईटवर हल्ला केला तर उलट शाबासकी मिळायला पाहिजे असं वाटतं. पण आयटी ॲक्टचं कलम ४३ वाचा, त्यात मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधे शिरणं, तो बंद पाडणं, दुसऱ्याला वापरू न देणं असं सगळं दिलंय आणि तो कॉम्प्युटर भारतातला किंवा मित्रदेशाचा असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. सिडकोतल्या खोलीत बसून केलेलं कृत्य भारतातच झालं.

पण मला तुमच्या मुलाचं म्हणणं झटकून टाकायचं नाहीये, कारण त्याच्या मनात काहीतरी खरं आहे. भरतीत घोळ झाला असेल तर राग यायलाच पाहिजे. आणि हा सायबर मोर्चाचा मुद्दा त्याने शोधून काढलेला नाही, जगात यावर कोर्टात वाद झालेत. २० जून २००१ ला जर्मनीत हजारो लोकांनी ठरवून एकाच वेळी लुफ्तान्सा कंपनीची वेबसाईट उघडली, विमानातून लोकांना जबरदस्तीने देशाबाहेर पाठवतात त्याच्या निषेधासाठी. तारीख आणि वेळ आधी जाहीर केली होती. त्यातल्या एका आयोजकाला खालच्या कोर्टाने शिक्षा दिली आणि २००६ मधे फ्रँकफर्टच्या वरच्या कोर्टाने ती रद्द केली, ही जबरदस्ती होत नाही म्हणून. झालं असं की पुढच्याच वर्षी, २००७ मधे, जर्मनीने कायदाच बदलला आणि असं करणं गुन्ह्यात आणलं. ब्रिटननेही २००६ मधे त्यांच्या १९९० च्या कायद्यात हीच दुरुस्ती केली होती. म्हणजे ही वाट एकदा किलकिली झाली होती, नंतर ती बंद केली गेली.

मोर्चा म्हणजे काय हे आपल्या नाशिककरांना वेगळं सांगायला नको. ६ मार्च २०१८ ला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सीबीएस चौकातूनच निघाला होता, मुंबईपर्यंत साधारण १८० किलोमीटर, लोकांच्या पायाच्या कातड्या सोलल्या होत्या. ११ तारखेला ते सोमय्या मैदानावर पोचले, दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीचा पेपर होता, तर पोरांना त्रास नको म्हणून दमलेली माणसं, त्यात म्हाताऱ्या बायका, रात्रीच उठून आझाद मैदानापर्यंत चालत गेली. मला ही गोष्ट आठवली की आजही भरून येतं. चेहरे उघडे, गावाची नावं सांगितलेली, आणि आपल्यामुळे कोणाचा पेपर बुडतोय का हे बघितलेलं. तुमच्या मुलाच्या टूलला हे बघताच येत नाही. सर्व्हर पडला की त्याच्या मागे कोण कोण उभं होतं हे पाडणाऱ्याला कधी कळतच नाही.

हे मी जवळून बघितलंय म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी संस्थेची वेबसाईट हॅक झाली, नाव घेत नाही. सकाळी साडेनऊला तिथल्या क्लार्क मॅडमचा फोन आला, आवाज कापत होता, मी गेलो तर स्क्रीनवर काळं पान, हिरवी अक्षरं, कुठल्यातरी परक्या भाषेतल्या घोषणा आणि मागे गाणं वाजतंय, आणि त्या मॅडमना स्पीकर बंद करायचंही सुचत नव्हतं. बाहेर दाखल्यासाठी माणसं उभी. आत बघितलं तर वेबसाईट चार वर्षं अपडेट केलेली नव्हती आणि पासवर्ड असा होता की शाळेतल्या पोराने तिसऱ्या प्रयत्नात ओळखावा. ही चूक संस्थेचीच आणि त्यांना वेबसाईट बनवून देणाऱ्याची, ते मी रिपोर्टमधे स्पष्ट लिहिलं.

पण खरं काय झालं ते दुपारी कळलं. ती वेबसाईट स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर होती, म्हणजे एकाच मशीनवर चाळीसेक वेबसाईट, चाळीत खोल्या असतात तशा. हल्ला करणाऱ्याला फक्त सरकारी नाव दिसलं होतं. होस्टिंगवाल्याने घाबरून अख्खं मशीन बंद केलं आणि त्याबरोबर एका रक्तपेढीचं कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ते दाखवणारं पानही बंद झालं. तिथला एक टेक्निशियन मुलगा दिवसभर फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने वहीत आकडे लिहीत होता, संध्याकाळी त्याला भेटलो तेव्हा त्याचा घसा बसला होता. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. हल्ला करणाऱ्यांनी त्यांच्या ग्रुपवर टाकलं की आम्ही भारत सरकारला धडा शिकवला. सरकारला त्या दिवशी काहीच कळलं नाही.

आणि हे नेहमीच असं होतं. मे २०२५ मधे पहलगामनंतर जो सगळा प्रकार झाला त्यावर महाराष्ट्र सायबरने सांगितलं की १५ लाखांच्या आसपास हल्ले झाले आणि त्यातले यशस्वी झाले फक्त १५०. त्यात नाव आलं कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचं. देश हलवायला निघालेल्यांच्या हाताला लागते ती नगरपरिषद. मोठ्या सर्व्हरला संरक्षण असतं, तिथे यांचं काही चालत नाही, मग जे दार उघडं सापडेल तिथे शिरायचं आणि बोर्डावर सरकार लिहिलंय म्हणून फोटो टाकायचा. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, पार्किंग, हरवलेली माणसं, घाटावरची गर्दी, सगळ्याची माहिती ऑनलाईन जाणार आहे. पर्वणीच्या दिवशी कोणीतरी अशाच रागातून एखादी साईट पाडली तर रामकुंडावर काय होईल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कलमं, कारण तुम्हाला तीच विचारायची होती. कलम ४३ मधलं कृत्य केलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते, ५ कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या आयटी खात्याच्या सचिवांपुढे चालतात. तेच कृत्य लबाडीने किंवा फसवणुकीच्या इराद्याने केलं की कलम ६६ लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हा गुन्हा जामीनपात्र आहे. इथे वकील भांडतात की पोराने एक रुपया घेतला नाही मग लबाडी कुठली. मुद्दा चांगला आहे पण पुरत नाही, कारण कायद्यात लबाडी म्हणजे फक्त स्वतःचा फायदा नाही, दुसऱ्याचं गैरमार्गाने नुकसान करायचा इरादा असला तरी ती लबाडीच.

याच्यावर कलम ७०. सरकारने ज्या सिस्टीम "संरक्षित" म्हणून जाहीर केल्यात, जसा आधारचा मुख्य डेटाबेस, तिथे शिरायचा नुसता प्रयत्न केला तरी १० वर्षांपर्यंत कैद. मुलांना कुठली सिस्टीम संरक्षित आहे ते माहीतच नसतं, ग्रुपमधे कोणीतरी पत्ता टाकतो आणि हे बटण दाबतात.

आणि सगळ्यात वर ६६एफ, सायबर दहशतवाद, जन्मठेपेपर्यंत. हे कलम २००८ च्या दुरुस्तीत आलं, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरातच संसदेत मंजूर झालं. त्याला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे देशाची एकता, सुरक्षा, सार्वभौमत्व धोक्यात आणायचा किंवा लोकांत दहशत बसवायचा इरादा, आणि दुसरं म्हणजे त्यातून जीव जाणं, मालमत्तेचं नुकसान, समाजाच्या अत्यावश्यक सेवा बंद पडणं असं काही होणं किंवा व्हायची शक्यता असणं. शक्यता हा शब्द लक्षात घ्या, म्हणून मी रक्तपेढीचं सांगितलं. तुमचा मुलगा म्हणेल माझा असा इरादाच नव्हता. खरं असेल. पण इरादा कशावरून ठरवतात? ग्रुपमधल्या मेसेजवरून. ॲडमिनने काय लिहिलं, याने त्यावर काय इमोजी टाकला, स्क्रीनशॉट कोणी फॉरवर्ड केला. ज्या भाषेत ॲडमिन गर्जना करतो ती भाषा दोषारोपपत्रात या पोरांच्या नावापुढे येते.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. मे २०२५ मधेच गुजरात एटीएसने नडियादच्या दोन मुलांना पकडलं, एक जेमतेम १८ चा, दुसरा अल्पवयीन. सरकारी वेबसाईटवर डीडॉस हल्ले करायचे, म्हणजे इतका खोटा ट्रॅफिक पाठवायचा की साईट गुदमरते, आणि साईट बंद पडली की पुरावा म्हणून टेलिग्रामवर टाकायचं. टूल सगळी फुकट मिळणारी. त्यांच्यावर कलम ४३ आणि ६६एफ लावलं. मोबाईलवर टूल चालवणारी दोन पोरं, आणि कलम दहशतवादाचं.

आता पकडलं जाण्याबद्दल, कारण तुमचा मुलगा नक्की म्हणत असेल की व्हीपीएन आहे, म्हणजे आपला इंटरनेटवरचा पत्ता लपवणारी सोय, काही होत नाही. २०१० मधे ॲनॉनिमस नावाच्या निनावी हॅकरांच्या गटाने विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या साईटच्या बाजूने पेपाल, व्हिसा, मास्टरकार्डवर हल्ले केले तेव्हा हजारो लोकांनी एक टूल डाउनलोड केलं होतं आणि ते टूल वापरणाऱ्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लपवतच नव्हतं. पुढे अमेरिकेत १४ जणांना पेपालच्या केसमधे पकडलं. त्याच वर्तुळातल्या एका गटाचा म्होरक्या, साबू नावाने वावरणारा, पकडल्यावर एफबीआयचा खबऱ्या झाला आणि कित्येक महिने ग्रुपमधेच बसून बाकीच्यांची माहिती देत राहिला. एस्टोनियात २००७ मधे अख्ख्या देशाच्या बँका, पेपर, सरकारी साईट आडव्या केल्या गेल्या, शेजारच्या रशियाकडे तपासाला मदत मागितली ती मिळाली नाही, शेवटी शिक्षा झाली ती एकाच विद्यार्थ्याला, दंडाची, आणि तो एस्टोनियातच राहणारा होता. परदेशातला ॲडमिन सापडत नाही, सापडतो तो सिडकोतला मुलगा, कारण त्याचं सिमकार्ड इथलं, त्याचं घर इथलं.

तपास कसा होतो तेही थोडं सांगतो, आणि यात माझी एक जुनी सल आहे. मोबाईल कंपन्या एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक बसवतात, त्यामुळे नेमका ग्राहक शोधायला आयपीबरोबर पोर्ट नंबर, म्हणजे त्या पत्त्यामागचा जोडणीचा क्रमांक, आणि अचूक वेळ लागते. एका केसमधे सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याची नोंद, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत होता, पण कंपनीला पत्र पाठवताना ती वेळ भारतीय समजून लिहिली गेली. साडेपाच तासांचा फरक. कंपनीने त्या वेळेचं बरोबर नाव दिलं आणि पथक एका चुकीच्या घरी गेलं, सातपूरला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या माणसाच्या घरी, बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर. मला दुसऱ्या दिवशी कागद बघायला मिळाले तेव्हा चूक दिसली, त्याचा फोन परत मिळाला, पण गल्लीत जे बोललं गेलं ते काही परत घेता आलं नाही. म्हणून सर्ट-इनने, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, एप्रिल २०२२ ला जो आदेश काढला, की घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा, सगळ्या मशीनची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवा, त्यातला घड्याळाचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटला पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

कायदा सगळा बरोबरच आहे असं माझं म्हणणं नाही. १९९८ मधे पोखरणच्या चाचण्यांनंतर मिलवर्म नावाच्या वेगवेगळ्या देशांतल्या पोरांच्या गटाने आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमधून ईमेल काढल्या, तेव्हा आपल्याकडे असा कायदाच नव्हता, तो १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. म्हणजे गरज खरी होती. पण आज ६६एफ ची व्याप्ती इतकी मोठी आहे की विचारपूर्वक न वापरल्यास १८ वर्षांचं पोर आणि परदेशी लष्कराचा हॅकर एकाच कलमात बसतात, आणि शिक्षेत मधल्या पायऱ्या फार कमी आहेत. दुसरं, एखाद्याने प्रामाणिकपणे सरकारी साईटमधलं भोक शोधून कळवलं तर त्याला संरक्षण देणारं कलम कायद्यात नाही. सर्ट-इन आणि महत्त्वाच्या सरकारी सिस्टीमचं संरक्षण बघणारी एनसीआयआयपीसी ही संस्था, दोघेही अशी माहिती स्वीकारतात, त्याची पद्धत त्यांच्या साईटवर आहे, पण कायद्यात लेखी आधार नसल्यामुळे हुशार पोरं कळवायला घाबरतात आणि त्या टेलिग्रामवाल्यांच्या नादी लागतात. हे बदलायला पाहिजे, मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो.

तर आता करायचं काय. उद्या एका फौजदारी वकिलाला भेटा, सायबरचा अनुभव असलेला असेल तर उत्तम, आणि मुलाला त्यांच्यासमोर सगळं खरं बोलू द्या, तुम्ही मधे बोलू नका. नोटीस आली तर पळायचं नाही, ती घेऊन वकिलांबरोबर जायचं. अटकपूर्व जामिनाचं काय ते वकील ठरवतील. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, आणि फोन जप्त केला तर पंचनामा आणि त्यात हॅश व्हॅल्यूची, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेल्या खुणेच्या आकड्याची, नोंद असली पाहिजे, म्हणजे नंतर कोणी आत काही बदललं नाही हे कळतं. नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातही ती लागते. हे नम्रपणे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. आणि त्याला हेही सांगा की केस कोर्टात असली की पासपोर्ट अडतो, सरकारी नोकरीच्या पडताळणीत अडतो, म्हणजे ज्या भरतीसाठी एवढं केलं ती भरतीच हातची जाईल.

भरतीच्या घोळाचं सोडून द्या असं मी म्हणणार नाही. माहिती अधिकारात गुणयादी मागा, उत्तरपत्रिका मागा, अन्याय झाल्याचं दिसलं तर सरकारी भरतीसाठी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, तिथे जा. त्याच्याकडे कॉम्प्युटरचं डोकं आहे ना, मग बसू दे यादीतले आकडे एक्सेलमधे लावून, नंबर कुठे हलले ते शोधू दे, त्याखाली स्वतःचं नाव लिहू दे. वकिलांशी बोलून झालं की त्यांनी हो म्हटलं तर शनिवारी त्याला माझ्याकडे घेऊन या, लॉग कसा वाचतात ते मी त्याला शिकवतो. तोपर्यंत फोन तसाच राहू द्या.